कमी ताकदीच्या राउटरांमधील लिंकची बँडविड्थ खात्रीने कशी मोजावी?

हिशेबनीस (प्रश्न)

नमस्कार. मी एका सहकारी पतसंस्थेच्या लेखा विभागात काम करतो. संगणकाची थोडीफार आवड आहे एवढ्या भांडवलावर संस्थेचे नेटवर्कही काही वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडले आणि ते उतरण्याची चिन्हे नाहीत. आमचे मुख्य कार्यालय तालुक्याच्या गावी आहे आणि तिथून सुमारे १४ किलोमीटरवर बाजाराच्या गावी शाखा आहे. दोन्हींना जोडणारी १०० एमबीपीएसची फायबर लाइन एका स्थानिक पुरवठादाराकडून घेतली आहे. ती थेट आहे, मध्ये इंटरनेट नाही. प्रत्येक टोकाला पुरवठादाराचा मीडिया कन्व्हर्टर (फायबरवरचा संकेत तांब्याच्या केबलवर आणणारी डबी) आणि त्याला तांब्याच्या केबलने जोडलेला आमचा मायक्रोटिकचा एचएपी लाइट राउटर, अशी मांडणी आहे. राउटर अगदी लहान आहे: ६५० मेगाहर्ट्झचा एकच कोर, ३२ एमबी मेमरी आणि १०० एमबीपीएसचे पोर्ट.

गेल्या दोन महिन्यांपासून शाखेतील कर्मचाऱ्यांची तक्रार आहे की मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवरील स्कॅन केलेली कर्जप्रकरणे उघडायला फार वेळ लागतो. म्हणून मी संध्याकाळी कामकाज संपल्यावर राउटरमध्येच असलेली बँडविड्थ टेस्ट मुख्य कार्यालयाच्या राउटरवरून शाखेच्या राउटरकडे चालवली. यूडीपीवर (पोचपावती न घेता पाठवण्याची पद्धत) येणाऱ्या दिशेने ६१ आणि जाणाऱ्या दिशेने ५८ एमबीपीएस मिळाले. टीसीपीवर (पोचपावती घेत पाठवण्याची पद्धत) मात्र येताना ३१ आणि जाताना जेमतेम ९ मिळाले. हे आकडे पुरवठादाराला कळवल्यावर त्यांचे उत्तर आले की तुमचा राउटरच दुबळा आहे, तो एवढेच दाखवणार, लाइनमध्ये काही दोष नाही. सोबत त्यांनी जोडणीच्या वेळचा चाचणी अहवाल पाठवला, त्यात सर्व काही ठीक आहे.

पुरवठादाराचे म्हणणे कितपत खरे आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. संचालक मंडळाच्या पुढच्या सभेपर्यंत नवा राउटर घेता येणार नाही, त्यामुळे हाती आहे त्या सामग्रीवर विश्वसनीय मोजमाप होऊ शकते का, आणि झाल्यास ते कामाच्या वेळेत कोणाला त्रास न होता नियमितपणे कसे करावे, याबद्दल मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.


जुना_लाइनमन

पुरवठादार अर्धे खरे बोलत आहेत, आणि अर्धे खरे नेहमीच जास्त त्रासदायक असते.

राउटरचे मूळ काम पॅकेट एका पोर्टवरून घेऊन दुसऱ्या पोर्टवर सोडण्याचे आहे. त्या कामात तो फक्त पॅकेटचा मथळा वाचतो, कुठे पाठवायचे ते ठरवतो आणि पुढे ढकलतो; आतला मजकूर तो पाहतही नाही. मायक्रोटिकमध्ये फास्टट्रॅक चालू असेल तर ओळखीच्या प्रवाहातील बहुतेक पॅकेटांना फायरवॉलचे सगळे नियमही ओलांडावे लागत नाहीत. त्यामुळे तुमचा लहानसा राउटर मोठ्या पॅकेटांचा १०० एमबीपीएसचा प्रवाह एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूने सहज सोडू शकतो. बँडविड्थ टेस्टमध्ये मात्र त्याच प्रोसेसरला पॅकेट स्वतः तयार करावे लागते, मजकूर भरावा लागतो, चेकसम (चूक ओळखण्यासाठीची बेरीज) काढावा लागतो, आणि दुसऱ्या टोकाच्या राउटरला ते पूर्ण उतरवून घेऊन मोजावे लागते. टीसीपी असेल तर पोचपावत्या, विंडो आणि पुनर्प्रेषणाचा हिशेब वेगळा. हमालाला गोणी उचलायला सांगणे वेगळे आणि त्यालाच धान्य पिकवून गोणी शिवायला सांगणे वेगळे.

मायक्रोटिकच्या स्वतःच्या दस्तऐवजातही हे नमूद आहे की ही चाचणी प्रोसेसरवर मोठा ताण आणते आणि एखाद्या राउटरची खरी वहनक्षमता पाहायची असेल तर चाचणी त्या राउटरवरून नव्हे तर त्याच्यामधून चालवावी. पूर्वी ही चाचणी एकच कोर वापरत असे, ६.४४ आवृत्तीपासून ती अनेक कोर वापरू लागली. पण तुमच्याकडे कोरच एक असल्यामुळे त्या सुधारणेचा तुम्हाला काही उपयोग नाही.

थोडा आकड्यांचा हिशेब मांडतो. १५०० बाइटचे पॅकेट तारेवर जाताना मथळा, चेकसम, प्रिअँबल आणि दोन फ्रेममधील मोकळी जागा धरून १५३८ बाइटचे होते. म्हणजे १०० एमबीपीएसच्या तारेवरून सेकंदाला सुमारे ८,१०० पॅकेट जातात. ६५० मेगाहर्ट्झच्या कोरच्या वाट्याला प्रत्येक पॅकेटमागे सुमारे ८०,००० क्लॉक येतात. ऐकायला ही संख्या मोठी वाटते, पण पॅकेट दरवेळी वापरकर्ता प्रोग्रॅमकडून कर्नलकडे (प्रणालीच्या गाभ्याकडे) आणि कर्नलकडून प्रोग्रॅमकडे कॉपी होऊ लागले, त्यात लहान कॅशमुळे प्रोसेसर वारंवार मेमरीची वाट पाहत बसला आणि त्याच कोरला त्याच वेळी इंटरप्टही (नवे पॅकेट आल्याचे, हातातले काम थांबवणारे इशारे) हाताळायचे असले, की ती शिल्लक फार लवकर संपते. पॅकेट लहान असतील तर विचारायलाच नको: ६४ बाइटच्या फ्रेम घेतल्या तर त्याच १०० एमबीपीएसच्या तारेवर सेकंदाला १,४८,८०० पॅकेट मावतात आणि प्रत्येकामागे साडेचार हजारांपेक्षा कमी क्लॉक उरतात. म्हणून यूडीपी चाचणी करताना पॅकेटचा आकार १५०० ठेवलात ना, ते आधी पाहा.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही चार आकडे दिलेत, पण त्या प्रत्येक वेळी दोन्ही राउटरांच्या सीपीयूवर किती भार होता हे दिले नाही, आणि त्याशिवाय ते आकडे वाचता येत नाहीत. सीपीयू १०० टक्क्यांवर असताना ६१ मिळाले असतील तर त्याचा अर्थ एवढाच की लिंक किमान ६१ ची आहे. ती १०० ची असेल किंवा ६२ ची, हे त्या चाचणीतून कळत नाही. पण सीपीयू निवांत असताना ९ मिळाले असतील तर राउटरला दोष देण्याचे कारण उरत नाही. कृपया चारही चाचण्या पुन्हा करा, एका वेळी एकच दिशा ठेवा, आणि प्रत्येक वेळी दोन्ही टोकांचा सीपीयू टूल-प्रोफाइलमध्ये पाहून लिहून ठेवा. विनबॉक्स या राउटर सांभाळण्याच्या प्रोग्रॅममधले हलते आलेख आणि टॉर्च हे रहदारी दाखवणारे साधन बंद ठेवा. एवढ्या लहान प्रोसेसरवर मोजणाऱ्याचे वजनही मापात धरले जाते.

खरे उत्तर मिळवायचे असेल तर दोन्ही टोकांना राउटरच्या मागे एकेक लॅपटॉप केबलने लावा आणि आयपर्फ३ हा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवा. एक सूचना: आयपर्फ३ मध्ये यूडीपीचा दर सांगितला नाही तर ते सेकंदाला १ मेगाबिटच पाठवते, आणि तो आकडा पाहून लाइन मेली असे समजणारी माणसे मी पाहिली आहेत. दर ९० सांगा. टीसीपीसाठी आधी एका दिशेने आणि मग उलट्या दिशेचा पर्याय वापरून दुसऱ्या दिशेने, प्रत्येकी किमान ३० सेकंद चालवा, आणि वेग चढतानाचे पहिले दोन-तीन सेकंद हिशेबातून वगळण्याचा पर्याय द्या. लाइन निर्दोष असेल तर टीसीपीवर ९४ च्या आसपास आकडा येईल. पूर्ण १०० कधीच येणार नाही, कारण १५३८ बाइटमध्ये खरा मजकूर १४४८ ते १४६० बाइटच असतो.

राउटरांच्या मध्ये आयपीसेकसारखा एन्क्रिप्टेड बोगदा आहे का, तेही कळवा. या राउटरमध्ये त्यासाठी वेगळे हार्डवेअर नाही, त्यामुळे बोगदा असल्यास वहनालाही प्रोसेसर पुरणार नाही आणि वरचा सगळा हिशेब बदलेल.


हिशेबनीस

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. बोगदा नाही, आमची बँकिंग प्रणाली ब्राउझरमधून चालते आणि तिचे एन्क्रिप्शन तिच्या पातळीवरच होते. पॅकेटचा आकार १५०० च होता. शाखेत लॅपटॉप नाही, मी शनिवारी तिकडे जाणार आहे तेव्हा लॅपटॉपची चाचणी करीन. सीपीयूचे आकडे आज संध्याकाळी घेतो. तोपर्यंत राउटरवरूनच करता येण्याजोगे आणखी काही असल्यास अवश्य सांगावे.


अर्धवेळ_संशोधक

राउटरवरूनच करण्याजोगे एक आहे, आणि त्याला सेकंदभराचाही भार पुरतो.

लिंक भरून टाकणे ही बँडविड्थ मोजण्याची एकच रीत नाही. १९९१ साली एस. केशव यांनी पॅकेट-जोडीची कल्पना मांडली. एकामागोमाग चिकटून दोन पॅकेट सोडली तर सर्वांत अरुंद लिंकमधून बाहेर पडताना त्यांच्यामध्ये जे अंतर पडते ते त्या लिंकच्या वेगावरून ठरते. १०० एमबीपीएसवर १५३८ बाइटसाठी ते सुमारे १२३ मायक्रोसेकंद असते, १० एमबीपीएसवर त्याच्या दहापट. पुढे कार्टर आणि क्रोव्हेला यांचे बीप्रोब आणि डोव्रोलिस यांचे पाथरेट ही साधने याच वाटेवरची आहेत.

लहान राउटरवर ही जोडी सरळ वापरता येत नाही, आणि त्याचे कारण घड्याळ जाडेभरडे असते असे अनेकांना वाटते. तसे नाही, घड्याळ पुरेसे बारीक असते. अडचण ही की पॅकेट आल्यावर वेळेचा शिक्का नेमका केव्हा बसतो. भार वाढला की नेटवर्क ड्रायव्हर प्रत्येक पॅकेटमागे इंटरप्ट घेत नाही, चार-आठ पॅकेट एकदमच उचलतो. मग दोन्ही पॅकेटांवर जवळजवळ एकच वेळ पडते आणि हिशेब करणाऱ्याला १०० ची लिंक काही हजार एमबीपीएसची वाटते. उपाय म्हणून जोडीऐवजी शंभरेक पॅकेटांची गाडी सोडतात. तिची एकूण लांबी १२ मिलिसेकंदांच्या पुढे जाते आणि मग दोनशे मायक्रोसेकंदांची चूक झाली तरी दोन टक्क्यांच्या आतच राहते.

तुमच्या राउटरवर नवे प्रोग्रॅम चढवता येत नाहीत, पण पिंग (पॅकेट पाठवून त्याचे उत्तर यायला लागणारा वेळ मोजणे) आहे आणि तेवढे पुरते. पिंगचा आकार जास्तीत जास्त, म्हणजे ६५,५०० बाइटच्या आसपास ठेवला की कर्नल त्याचे स्वतःच ४५ तुकडे करून ते एकामागे एक तारेवर सोडते. हीच तुमची गाडी, आणि ती सोडायला प्रोग्रॅमला प्रत्येक तुकड्यामागे कर्नलचा दरवाजा ठोठावावा लागत नाही. पलीकडचा राउटर सर्व तुकडे जुळवून तेवढेच उत्तर परत पाठवतो. आधी लहान पिंग पन्नास वेळा करून त्यातील सर्वांत कमी वेळ लिहा, मग मोठे पिंग पन्नास वेळा करून त्यातीलही सर्वांत कमी वेळ लिहा. सरासरी घेऊ नका, कारण सरासरीत रांगेचा आणि प्रोसेसरचा खोळंबा मिसळतो; किमान वेळेत तो सर्वांत कमी असतो. १०० च्या लिंकवर एका दिशेला ५.४५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे दोन्ही किमान वेळांमधील फरक ११ मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवा. लिंक कुठेतरी १० वर बसली असेल तर हाच फरक १०९ च्या घरात जाईल. राउटरची प्रणाली राउटरओएस ७ असेल तर पिंगची वेळ मायक्रोसेकंदांपर्यंत दिसते, त्यामुळे अडचण येऊ नये.


जुना_लाइनमन

युक्ती उत्तम आहे आणि मीही ती लक्षात ठेवीन, पण तिची मर्यादा सांगायला हवी. ही गाडी जेमतेम ६६ किलोबाइटची आहे. पुरवठादाराने आपल्या स्विचवर वेगमर्यादा घातली असेल तर बहुतेक वेळा थोडी उसनवारीची मुभा असते, आणि एवढीशी गाडी त्या मुभेतच निघून जाते. म्हणजे करार ५० चा असला तरी पिंग १०० सांगेल. पिंगने तारेचा वेग कळतो, सतत किती माल वाहता येईल ते कळत नाही. त्यासाठी अर्ध्या मिनिटाचा खरा भार हवाच. मी दोन्ही करीन, आणि दोन्हींच्या उत्तरांत तफावत आली तर ती तफावत कुठून आली हे शोधीन.


हिशेबनीस

आजचे आकडे पुढीलप्रमाणे आहेत. सर्व मोजमाप संध्याकाळी साडेसातनंतर, शाखा बंद असताना घेतले आहे.

यूडीपी, येणारी दिशा: ६१ एमबीपीएस, मुख्य कार्यालयाचा सीपीयू १०० टक्के, शाखेचा ९७. यूडीपी, जाणारी दिशा: ५९ एमबीपीएस, मुख्य कार्यालय १००, शाखा ९८. टीसीपी, येणारी दिशा: ३० एमबीपीएस, मुख्य कार्यालय ६६, शाखा ६१. टीसीपी, जाणारी दिशा: ८ ते ९ एमबीपीएस, मुख्य कार्यालय २२ आणि शाखा १९ टक्के.

लहान पिंगची किमान वेळ ०.९ मिलिसेकंद, मोठ्या पिंगची १३.२. पन्नासपैकी एकही मोठे पिंग गहाळ झाले नाही. फरक १२.३ येतो, म्हणजे हिशेबाने सुमारे ८९ एमबीपीएस. उरलेले एक-सव्वा मिलिसेकंद तुकडे जुळवण्यात गेले असावेत असा माझा अंदाज आहे.

यातून मी गोंधळलो आहे. पिंग म्हणते लिंक १०० ची आहे, यूडीपी म्हणते किमान ६१ ची आहे, आणि टीसीपी जाताना ९ च्या वर चढत नाही, तेही राउटर जवळजवळ रिकामा बसलेला असताना.


तांब्याची_तार

गोंधळण्याचे कारण नाही, तुमच्या आकड्यांनी दोष जवळजवळ बोट दाखवून सांगितला आहे. तुमच्या यूडीपीच्या आकड्यांबाबत पुरवठादाराचे म्हणणे खरे आहे, तिथे राउटरच तोकडा पडतो. पण तेच कारण त्यांनी टीसीपीच्या ९ लाही लावले, म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढले. २२ टक्क्यांवर बसलेला प्रोसेसर ९ एमबीपीएससाठी जबाबदार असू शकत नाही. एवढ्या जवळच्या लिंकवर टीसीपीची विंडोही आड येत नाही: विंडो ६४ केबीचीच धरली तरी एका मिलिसेकंदाच्या फेरीला ती ५०० एमबीपीएसला पुरते.

आता कोणत्या चाचण्या चांगल्या आल्या आणि कोणत्या वाईट, ते पाहा. यूडीपीत माल एकाच दिशेने वाहतो, उलट दिशेने जवळजवळ काही येत नाही. मोठ्या पिंगमध्ये आधी सगळे तुकडे जातात, पलीकडे जुळतात, आणि मगच उत्तराचे तुकडे निघतात. त्यातही एका वेळी एकच दिशा वापरात असते. टीसीपी ही एकमेव चाचणी अशी आहे की जिच्यात माल जात असतानाच पोचपावत्या उलट दिशेने येत राहतात. दोन्ही दिशा एकाच वेळी वापरल्या की लिंक कोसळते आणि एकेक वापरली की ठणठणीत चालते, हे डुप्लेक्सच्या तफावतीचे लक्षण आहे (फुल-डुप्लेक्स म्हणजे दोन्ही दिशा एकाच वेळी, हाफ-डुप्लेक्स म्हणजे एका वेळी एकच).

ती कशी होते तेही सांगतो, कारण पुरवठादाराशी बोलताना याचा उपयोग होईल. केबलच्या दोन्ही टोकांची उपकरणे वेग आणि डुप्लेक्स आपसांत बोलून ठरवतात. पण एका टोकाला कोणी १०० फुल-डुप्लेक्स पक्के करून ठेवले, तर ते टोक या बोलण्यात भाग घेत नाही. दुसऱ्या टोकाला समोरच्या संकेतावरून १०० चा वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि मानकानुसार अशा वेळी ते हाफ-डुप्लेक्स धरते. मग एक टोक समजते की एका वेळी एकानेच बोलायचे, आणि दुसरे टोक वाटेल तेव्हा बोलत सुटते. हाफ असलेला राउटर फ्रेम पाठवत असताना समोरून पोचपावती आली की तो टक्कर झाली असे समजून फ्रेम अर्ध्यावर सोडतो. ही टक्कर पहिल्या ६४ बाइटनंतर झाली तर तिला उशिराची टक्कर म्हणतात, आणि ती फ्रेम हार्डवेअर पुन्हा पाठवत नाही, ती गेलीच. टीसीपीला वाटते वाटेत गर्दी आहे, म्हणून तो वेग आणखी उतरवतो.

मुख्य कार्यालयाच्या राउटरवर कन्व्हर्टरला जोडलेल्या इथरनेट पोर्टचा मॉनिटर उघडा आणि फुल-डुप्लेक्ससमोर काय लिहिले आहे ते वाचा. नंतर त्याच पोर्टच्या सांख्यिकीत उशिराच्या टकरींचा आकडा पाहा, टीसीपी चाचणी चालवा, आणि तो पुन्हा पाहा. पैज लावायची सवय नाही, पण तो वाढलेला दिसेल. माझा अंदाज मुख्य कार्यालयाच्या टोकाचा आहे, कारण तिथून बाहेर जाणाराच माल जास्त मार खात आहे.

जोडणीच्या वेळचा अहवाल स्वच्छ का आला, तेही यात बसते. असे मोजमाप साधारणपणे पुरवठादाराच्या उपकरणापासून उपकरणापर्यंत घेतले जाते. कन्व्हर्टर आणि तुमचा राउटर यांमधला दीड मीटर तांब्याचा तुकडा त्या मोजमापात येतच नाही.


हिशेबनीस

आपला अंदाज अचूक निघाला. मॉनिटरमध्ये फुल-डुप्लेक्ससमोर ‘नाही’ असे होते. उशिराच्या टकरींचा आकडा ३० सेकंदांच्या टीसीपी चाचणीत काही शेकड्यांनी वाढला, यूडीपी चाचणीत तो हलला नाही. शाखेच्या टोकाला सर्व ठीक आहे.

कन्व्हर्टर भिंतीवरच्या पेटीत, वरच्या फळीवर आहे. शिपायाला शिडी धरायला सांगून मी तो पाहिला. त्याच्या बाजूला चार लहान खटक्यांची एक पट्टी आहे आणि तिच्यातला पहिला खटका शाखेच्या कन्व्हर्टरपेक्षा उलट बाजूला आहे. दोन महिन्यांपूर्वी विजेच्या दाबामुळे इथला जुना कन्व्हर्टर जळाला होता आणि पुरवठादाराच्या माणसाने दुसरा लावला होता, हे तेव्हा आठवले. शाखेच्या तक्रारी नेमक्या तेव्हापासूनच्या आहेत. मी त्या खटक्याला हात लावला नाही, पुरवठादाराला फोटो आणि टकरींचे आकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला, त्याने खटका बदलून कन्व्हर्टर बंद-चालू केला, आणि राउटरवर फुल-डुप्लेक्ससमोर ‘हो’ आले.

शनिवारी दोन लॅपटॉप लावून आयपर्फ३ ने मोजले. टीसीपी जाताना ९३.९ आणि येताना ९४.१ एमबीपीएस. यूडीपी ९० च्या दराने ६० सेकंदांत एकही पॅकेट गहाळ नाही. या सर्व वेळेत मुख्य कार्यालयाच्या राउटरचा सीपीयू ४० टक्क्यांच्या आत होता. नंतर गंमत म्हणून राउटरवरूनच बँडविड्थ टेस्ट पुन्हा केली, तर टीसीपीवर दोन्ही दिशांनी ४४ ते ४६ मिळाले आणि सीपीयू १०० वर जाऊन बसला. म्हणजे लाइन दुरुस्त झाल्यावरही राउटरच्या सांगण्यावरून ती निम्मीच आहे असे मी मंडळासमोर मांडले असते.

आता एकच प्रश्न उरला. दर महिन्याला शनिवारी लॅपटॉप घेऊन १४ किलोमीटर जाणे शक्य नाही. यापुढे लक्ष कसे ठेवावे?


जुना_लाइनमन

राउटरला बँडविड्थ टेस्ट वेळापत्रकावर लावून देण्याचा मोह होईल, तो टाळा. ती चाचणी प्रोसेसर पूर्ण खाते, आणि त्या वेळी शाखेत कोणी पैसे भरत असेल तर त्याचाही खोळंबा होतो. शिवाय तिचे उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे: ४५.

पोर्टवरून किती बाइट गेले याची मोजणी राउटर तसाही सतत करत असतो, आणि ती वाचायला जवळजवळ काही खर्च येत नाही. मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवरून एसएनएमपीने (उपकरणांची आकडेवारी दुरून वाचण्याच्या पद्धतीने) दोन्ही राउटरांचे मोजक दर पाच मिनिटांनी वाचून ठेवा. ६४ बिटांचेच मोजक वाचा. जुने ३२ बिटांचे मोजक ४२९ कोटी बाइटनंतर पुन्हा शून्यावरून सुरू होतात. १०० एमबीपीएसवर पूर्ण भार असेल तर हे ३४३ सेकंदांनी घडते, म्हणजे पाच मिनिटांच्या वाचनाला थोडक्यात सुटका आहे. पण एखादे वाचन चुकले की आकडा खोटा, आणि पुढे कधी गिगाबिट लाइन घेतलीत तर ३४ सेकंदांतच चक्र पूर्ण होते.

अर्थात मोजक वाचून लिंक किती वापरली ते कळते, तिची ताकद कळत नाही. रस्त्यावर चार गाड्या दिसल्या म्हणून रस्ता चार गाड्यांचाच आहे असे म्हणता येत नाही. म्हणून लिंक खरोखर भरेल असा एखादा प्रसंग रोज हवा, आणि तो बहुतेक संस्थांमध्ये आयताच असतो. शाखेच्या कॅमेऱ्यांचे चित्रण रात्री मुख्य कार्यालयात उतरवता का? उतरवत असाल तर तीच तुमची चाचणी. माल रेकॉर्डरमधून निघून सर्व्हरमध्ये जातो, राउटर फक्त वाहून नेतो. त्या वेळेत दर दहा सेकंदांनी मोजक वाचा आणि रात्रीचा सर्वांत मोठा दहा सेकंदांचा दर लिहून ठेवा. सोबत दर सेकंदाला एक लहान पिंग चालू ठेवा. लिंक भरली की रांग लागते आणि ०.९ चे पिंग वर चढते. पिंग चढलेले असताना मोजकाने दाखवलेला दर हीच त्या रात्रीची लिंकची ताकद. दर कमी असून पिंग चढलेच नाही तर लिंक भरली नव्हती, रेकॉर्डरच हळू होता. त्या रात्रीचा आकडा टाकून द्या.


हिशेबनीस

चित्रण रात्री अकरा वाजता उतरते, पण फक्त शाखेकडून मुख्य कार्यालयाकडे. बिघडली होती ती उलटी दिशा. त्या दिशेसाठी मी सर्व्हरवरील स्कॅन कागदपत्रांची रात्रीची प्रत शाखेतल्या संगणकावर पाठवण्याची व्यवस्था करतो. तशी एक प्रत बाहेर ठेवावी, असे लेखापरीक्षकांनी मागच्या वर्षीच सुचवले होते.


तांब्याची_तार

उत्तम. त्या नोंदीत एक रकाना उशिराच्या टकरींचाही ठेवा. कन्व्हर्टर पुन्हा जळाला आणि नवा लावताना तो खटका पुन्हा उलटा राहिला, तर बँडविड्थचा आकडा पडलेला दिसायला रात्र व्हावी लागेल. हा रकाना सकाळी पहिले कर्जप्रकरण उघडले की लगेच शून्याच्या वर जाईल.